तासाला शंभर

८ जानेवारी, सोमवार

गॅस सिलिंडरवाल्याने नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी ती सुश्रुत घ्यायचा. यंदा शेडमधल्या मदतनीस नरेशने ती माझ्यापुढे ठेवली आणि चहाच्या निमित्ताने बाहेर सटकला. सुश्रुतला जाऊन उद्या तीन महिने होतील. डेंग्यू झाला आणि दहा दिवसांत सगळं संपलं. एकेचाळीस वर्षांचा होता माझा मुलगा.

कोरी डायरी बघवत नाही म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी, तेही कुडाळकडच्या शाळेत. इकडे उत्तरेत हवाई दलाच्या डेपोत चौतीस वर्षं सिव्हिलियन वेल्डर होतो. तिथे ट्रॉल्या, शिड्या, जॅक जोडले. इंजिनांच्या शेडमध्ये मला कुणी कधी घेतलं नाही. निवृत्तीनंतर इंडस्ट्रियल एरियात हे शेड घेतलं आणि जे काही आलं ते बघून बघून आलं.

आज धुकं इतकं होतं की समोरच्या शेडचं दार दिसेना. काम नव्हतंच. नरेशने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तीन पेले भरले.

११ जानेवारी, गुरुवार

पंचकुल्याहून आमचे गिऱ्हाईक श्यामसुंदरजी आले. बसले, हात जोडले, सुश्रुतबद्दल बोलायचं ते बोलले. मग पिशवीतून एक कडी काढून टेबलावर ठेवली.

छोट्या टर्बाइनमधली कडी आहे. लालबुंद तापली तरी आकार सोडत नाही, म्हणून निकेलची. इथे सगळे तिला 'निकल' म्हणतात. नरेश फोनवर ओरडतो, "निकल आ गया, निकल!" आणि शेजारचा सरदार मुद्दाम विचारतो, "कित्थे निकल गया?" रोजचा विनोद, रोज हसतात.

ऑगस्टात अशीच पहिली कडी सुश्रुतने जोडली होती. दिसायला देखणा जोड. जोडताना धातूत ताण राहतो, तो उतरवायला मी स्वतः ती भट्टीत ठेवली. बाहेर काढून भेगेत झिरपणारी लाल डाय मारून तपासली, तर जोडाच्या कडेने केसाएवढी भेग. कडी नापास झाली. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुश्रुत, हात चुकला तुझा." श्यामसुंदरजी होते, नरेश होता, सुश्रुतची मुलगी इरा शाळेतून परस्पर आली होती तीही होती. सुश्रुतने हातमोजे काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, नीट.

वाईट वाटलं असेल त्याला. पण कामात लाड नसतात. मलाही माझ्या उस्तादाने असंच शिकवलं.

श्यामसुंदरजी म्हणाले, "बाबूजी, दो जगह दिखा चुका हूँ, कोई हाथ नहीं लगाता. आप ही कर दो. बेटे से नहीं हुआ, बाप से हो जाएगा."

मी हो म्हटलं. शेडचं नाव त्या एका कडीपाशी अडकून राहिलंय. मी गेल्यावर लोकांनी म्हणू नये की इथे निकल तडकायचं.

१९ जानेवारी, शुक्रवार

कडीला लगेच हात लावायचा नाही असं ठरवलंय. श्यामसुंदरजींनी त्याच धातूच्या पट्ट्या दिल्यात, आधी त्यांच्यावर प्रयोग.

पहिला प्रश्न तारेचा, म्हणजे जोडात वितळवून भरायची ती. सुश्रुतने वेगळ्या कुळातली मऊ तार वापरली होती. म्हणायचा, "बाबा, जोड थोडा मऊ असला तर तो स्वतः ताणला जातो, शेजारच्याला ओढत नाही." मला ते पटलं नव्हतं. लोकरीच्या स्वेटरला कुणी सुती ठिगळ लावतं का? मी त्याच धातूच्या कुळातली तार घेतली.

दुसरा प्रश्न भट्टीचा. तो माझ्यासाठी प्रश्नच नाही. तासाला शंभर अंश, त्याहून घाई नाही. आई नवं मडकं चुलीवर ठेवायची तेव्हा आधी राखेवर, मग निखाऱ्यावर, मग जाळावर. एकदम जाळावर ठेवलं की तडकलंच. डेपोत जाड पोलादालाही मी हाच नियम लावला आणि माझा जोड कधी फुटला नाही.

सुश्रुतने एकदा विचारलं होतं, "बाबा, भट्टी आधी पूर्ण तापवून मग कडी आत ठेवली तर?" मी हसलो होतो. म्हटलं, तापल्या तव्यावर काचेचा पेला ठेवून बघ. तोही हसला. हसरा होता पोरगा.

आज चार पट्ट्या जोडल्या. सत्तरी आली, पण हात अजून पाण्यासारखा स्थिर आहे. देवाची कृपा.

२७ जानेवारी, शनिवार

पट्ट्या भट्टीतून काढल्या. चारपैकी तीन तडकल्या.

तार खराब असणार. पाकीट उघडं राहिलं होतं, थंडीत दमट झालं असेल. नवं मागवलं.

नरेश डाय पुसत म्हणाला, "उस्ताद जी, दरार उसी जगह है. छोटे भाई वाली जगह." सुश्रुतला तो छोटे भाई म्हणायचा. त्याला म्हटलं, तू रंग पूस.

३ फेब्रुवारी, शनिवार

सुश्रुतच्या कपाटात छापील कागदांची फाइल सापडली, याच धातूबद्दल. सगळं इंग्रजी. घरी आणली आणि इराला म्हटलं, वाचून सांग. बारावीचा अभ्यास सोडून आली बिचारी. तिला मराठी समजतं पण बोलते हिंदी. रागाचा शब्द असला की इंग्रजी.

तारेचं पान तिने छान समजावलं. ताकद पूर्ण हवी तर त्याच कुळातली तार, भेगेची भीती असेल तर मऊ. सुश्रुतने शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. मग भट्टीचं पान आलं. वाचता वाचता ती थांबली. वर जाऊन तीच ओळ पुन्हा मनात वाचली.

"क्या लिखा है?" मी विचारलं.

"लिखा है, जल्दी गरम करो. छह सौ से साढ़े आठ सौ के बीच ये मेटल खुद सख्त होने लगती है. वहाँ धीरे-धीरे ले गए तो जोड़ के बगल में फट जाती है. चाहे वेल्ड कितना भी अच्छा हो."

मी म्हटलं, छपाईची चूक असेल, 'जल्दी नहीं' असं असेल.

इराने माझ्याकडे बघितलं. "नहीं आजोबा. यहाँ दो बार लिखा है." मग म्हणाली, "आजोबा, भट्ठी तो आप ही लगाते हो ना?"

"मीच. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही."

तिने फाइल मिटली. "मुझे पढ़ना है," म्हणाली आणि खोलीत गेली. दार लोटलं. जेवायलाही आली नाही. बोर्डाच्या परीक्षेचा ताण मुलांना किती असतो! सुनेला, आश्लेषाला म्हटलं, पोरीला रोज बदाम भिजवून दे.

पुस्तक लिहिणारे लोक भट्टीसमोर उभे राहतात कुठे? तरी एक गोष्ट घेतली त्यातून. या वेळी सुश्रुतची मऊ तार वापरून बघतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मऊ तार. तासाला शंभर. चारपैकी दोन तडकल्या. आधीपेक्षा बरं, म्हणजे तारेत काहीतरी होतं. सुश्रुतचं म्हणणं निम्मं तरी खरं निघालं. त्याला सांगायला हवं होतं.

मग या दोन कशाने गेल्या? दाराच्या फटीतून वारा येतो, त्याने जोडाला हवेपासून झाकणारा गॅस हलला असेल. फटीत गोणपाट कोंबायला सांगितलं.

नरेश गोणपाट कोंबता कोंबता म्हणाला, "चलो, आपका हाथ तो नहीं चूका होगा."

"म्हणजे?"

"कुछ नहीं उस्ताद जी. हवा थी. हवा ही होगी."

हा माणूस नऊ वर्षं माझ्याकडे आहे. आजकाल टोमणे मारतो. सुश्रुत गेल्यापासून त्याचंही चित्त ठिकाणावर नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

इरा माझ्याशी बोलत नाही. सकाळी बसस्टॉपपर्यंत बरोबर जायचो, आता ती आधीच निघून जाते. काल मी तिच्या ताटात कोशिंबीर वाढली तर ताट घेऊन उठली.

आश्लेषाला विचारलं. ती आयटी पार्कातून थकून येते, दोन वाक्यांच्या वर बोलायचं त्राण नसतं. म्हणाली, "बाबा, तुम्हीच विचारा तिला. मी विचारलं तर म्हणते, आजोबांना विचार."

मला काय विचारायचं? माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं? बाप गेलेलं लेकरू. जरा निवू द्यावं, सावकाश येईल जागेवर. घाई करून कुणाचं दुःख उतरत नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

पट्ट्या संपल्या. नरेशला म्हटलं, श्यामसुंदरजींना फोन लाव, अजून मागव. तो म्हणाला, "मँगवानी क्यों? पड़ी तो हैं." आणि शिडीखालून रंगाचा जुना डबा ओढून काढला.

आत जोडलेल्या पट्ट्या. एकेक काढून टेबलावर मांडली. एकतीस. प्रत्येकीच्या मागे सुईने कोरलेली तारीख. पहिली २१ ऑगस्ट, शेवटची २८ सप्टेंबर. २९ला त्याला ताप आला.

"रोज़ आपके घर जाने के बाद एक बनाते थे," नरेश म्हणाला. "कहते थे, हाथ बिठाना है. मैं कहता, छोटे भाई, बैठा हुआ तो है. कहते, नहीं यार, बाबा ने देखा है, बाबा को दिखता है."

मी चष्मा लावून, मग भिंगाखाली बघितल्या. तांबोशी माशाच्या खवल्यांसारखे जोड, एकावर एक, सारख्या अंतराने. पहिल्या पट्टीत चूक नाही. पंधराव्यात नाही. एकतिसाव्यात नाही. सुधारायला काही होतंच कुठे?

डाय मारली. एकही भेग नाही. कशी असेल? या पट्ट्या भट्टीत गेल्याच नव्हत्या. भट्टीला तो माझ्या परवानगीशिवाय हात लावत नसे.

पुढे लिहवत नाही.

६ मार्च, बुधवार

पाच दिवस शेडमध्ये जाऊन नुसता बसत होतो. काल आणि आज मिळून केलं.

त्याच्या डब्यातल्या दोन पट्ट्या घेतल्या, एकाच आठवड्यातल्या, एका हाताच्या, एका तारेच्या. पहिली काल माझ्या पद्धतीने थंड भट्टीत ठेवली होती, तासाला शंभर. आज भट्टी आधी अकराशेच्या जवळ नेली आणि दुसरी लांब चिमट्याने थेट आत ठेवली. चिमटा दोन्ही हातांनी धरला. आईचं मडकं डोळ्यांपुढे येत होतं. वाटलं, आता आवाज होईल. झाला नाही.

दोन्ही गार झाल्यावर डाय मारली, पुसली, पांढरी पावडर फवारली. नरेश माझ्या मागे उभा होता. जलद तापवलेली पट्टी पांढरी ती पांढरीच राहिली. माझ्या पद्धतीच्या पट्टीवर जोडाच्या बाजूने लाल रेघ उमटली. हळूहळू. वरून खाली.

उलट्या काळजाची आहे या धातूची जात. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, हिला झटकन गार केलं की ही मऊ होते. पोलाद सावकाश तापवलं की ताण सोडतं, ही सावकाश तापवली की वाटेतच घट्ट होत जाते आणि आतला ताण सुटायच्या आधी फुटते. कागदात लिहिलं होतं. इराने वाचलं होतं. सुश्रुतने तर तोंडाने विचारलं होतं, आणि मी त्याला पेल्याचा विनोद सांगितला.

माझ्या पट्ट्या तडकल्या तेव्हा मी तार बघितली. दमटपणा बघितला, वारा बघितला, दाराची फट बघितली. त्याची तडकली तेव्हा फक्त त्याचा हात बघितला.

नरेशने भट्टीचा खटका बंद केला.

७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी आश्लेषा आल्यावर तिला आणि इराला समोर बसवलं. दोन्ही पट्ट्या टीपॉयवर ठेवल्या. आश्लेषाला वेल्डिंगमधलं काही कळत नाही, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. हा जोड त्याचा, हाही त्याचा. हा फुटला तो माझ्या भट्टीने. ऑगस्टातली कडीही माझ्या भट्टीने फुटली. त्याचा हात चुकला नव्हता.

आश्लेषाने पट्टी उचलून पदराने पुसली. पुसलेली होती तरी. 

इरा म्हणाली, "मुझे पता था. उस दिन पढ़ा तभी."

"मग सांगितलं का नाहीस बाळा?"

"मुझे लगा आप समझ गए हो. समझ के छुपा रहे हो. छपाई की गलती बोल दिया आपने." ती पट्टीकडे बघत म्हणाली, "मैं रोज़ सोचती थी, आज बोलेंगे. आज बोलेंगे."

"नव्हतं कळलं गं मला."

"पक्का?"

"पक्का. शप्पथ."

ती बघत राहिली. विश्वास ठेवावा की नाही, असं. मग म्हणाली, "फिर तो और बुरा है, आजोबा." आणि रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तो तिने ठेवू दिला. पण जवळ आली नाही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "अंकल को बोलोगे? पंचकुला वाले? आपने उनके सामने बोला था."

१६ मार्च, शनिवार

कडी झाली. आधी खूप तापवून झटकन गार केली, म्हणजे मऊ. मग सुश्रुतच्या मऊ तारेने जोडली. मग तापलेल्या भट्टीत थेट ठेवून पुन्हा झटकन गार. ताण गेल्यावर शेवटी सातशेवर सोळा तास, ताकद यायला. सगळं त्याच्या कागदाप्रमाणे, माझ्या मनाचं एक अक्षर नाही. डाय मारली. स्वच्छ.

पंचकुल्याला द्यायला गेलो. इराला म्हटलं, येतेस? परीक्षेचे अजून दोन पेपर राहिलेत तरी आली. बसमध्ये खिडकीपाशी बसली, कानात वायरी घालून.

श्यामसुंदरजींच्या माणसाने कडी तपासली आणि अंगठा वर केला. श्यामसुंदरजी खूश. चार कामगारांना हाक मारून म्हणाले, "देखो, इसको कहते हैं हाथ. बाप आखिर बाप होता है."

मी उभा राहिलो. गुडघा कटकन वाजला. येताना मनात शब्द जुळवले होते, ते सगळे गेले. हिंदीत जे सुचलं ते बोललो. "नहीं जी. हाथ मेरे बेटे का ठीक था. पहले वाला जोड़ भी ठीक था. भट्ठी मैंने गलत चलाई. कड़ी मैंने तोड़ी थी और नाम उसका लगाया. आप सबके सामने लगाया था, इसलिए सबके सामने बोल रहा हूँ."

 एक कामगार खाली बघून हात पुसत राहिला. श्यामसुंदरजी उठून आले, माझा खांदा धरला. "छोड़िए ना बाबूजी. अब तो वो रहा नहीं. अब क्या फ़र्क पड़ता है."

भला माणूस आहे, समजूत घालायलाच म्हणाला.  इरा दारात उभी होती. तिने कानातल्या वायरी काढल्या होत्या. ती म्हणाली, "पड़ता है अंकल."

परतताना बसमध्ये तिने विचारलं, बाबांच्या एकतीस पट्ट्यांतल्या किती उरल्या? एकोणतीस म्हटलं. म्हणाली, त्या आता भट्टीत घालू नका.

१८ मार्च, सोमवार

सकाळी आश्लेषा ऑफिसला निघता निघता थांबली. पर्समधून घडी केलेला कागद काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला. "बाबा, हे वाचा. इंग्रजी आहे, पण दोनच ओळी आहेत."

डॉक्टरची चिठ्ठी. चार सप्टेंबरची. वर सुश्रुतचं नाव. मी एकेक अक्षर लावत बसलो तेव्हा तीच म्हणाली, "हाताच्या नसा तपासून घेतल्या होत्या त्याने. त्याला वाटलं, हाताला काही रोग झालाय. रोज घरी आला की हात असा पुढे धरून मला विचारायचा, थरथरतोय का गं? मी नाही म्हटलं तरी पटेना. शेवटी डॉक्टरकडे गेला."

"काय लिहिलंय?"

"दोन्ही हात उत्तम. काही दोष नाही."

कागद पुन्हा बघितला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

"मला का नाही दाखवलं गं तेव्हा?"

आश्लेषाने पर्सची चेन लावली. "मी म्हटलं होतं त्याला, बाबांना दाखव. तो म्हणाला, नको. बाबा म्हणतील, डॉक्टरला वेल्डिंगमधलं काय कळतं."

ती गेली. चहा तसाच राहिला.

म्हणालो असतो. अगदी हेच म्हणालो असतो.